आभासी यंत्राचे बिऱ्हाड

'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द चंद्रपूर-गडचिरोलीच्या शिक्षकांना समजावून सांगावे लागत नाहीत. 'सरल'वर विद्यार्थ्यांची माहिती भरताना, शिष्यवृत्तीचा अर्ज पाठविताना, सातबारा काढताना ते कानावर पडतात. एटापल्ली-भामरागडकडे दोष पुष्कळदा वाटेतल्या जाळ्याचा असतो, सर्व्हरचा नव्हे. पण सर्व्हर म्हणजे काय आणि तो असतो कुठे, याचे जे उत्तर विद्यार्थ्यांना सहसा मिळते त्याबद्दल आमची तक्रार आहे. सांगितले जाते ते असे : सर्व्हर आता 'आभासी' असतो, तो 'मेघात' असतो आणि हवा तिथे हलविता येतो. तिन्ही विधाने अर्धवट आहेत.

पहिला आक्षेप शब्दावर. विद्यार्थी 'आभासी' हा शब्द आरशाच्या धड्यात शिकतो. आभासी प्रतिमा पडद्यावर घेता येत नाही, हे त्याने पाठ केलेले असते. तोच अर्थ घेऊन तो आभासी यंत्राकडे येतो आणि फसतो. हे यंत्र खऱ्या लोखंडी सर्व्हरवरच चालते. त्याला स्मृती लागते, डिस्क लागते, वीज लागते. नवी मुंबईतल्या डेटा सेंटरला वीज पुरविणाऱ्या राज्याच्या जाळ्यातच चंद्रपूरचे २९२० मेगावॉटचे महाऔष्णिक केंद्रही वीज सोडते. 'आभासी' म्हटलेल्या गोष्टीच्या मुळाशी दुर्गापूर-पद्मापूरचा कोळसा असू शकतो, हे आपल्या मुलांना सांगायला हवे.

मग आभासी काय आहे? दोन पाळ्यांची शाळा आठवा. इमारत एक, पण सकाळच्या शाळेचे हजेरीपट, मुख्याध्यापक, वेळापत्रक सारे वेगळे. प्रत्येक शाळेला इमारत आपलीच वाटते. एका सर्व्हरवर अशा वीस-पंचवीस 'शाळा' चालतात आणि पाळ्या सेकंदात शेकडो वेळा बदलतात. पाळ्या लावणाऱ्या आज्ञावलीला हायपरव्हायजर म्हणतात. कल्पना जुनी आहे. आय.बी.एम.ने १९७२ मध्ये मोठ्या संगणकांसाठी अशी प्रणाली बाजारात आणली होती. घरगुती संगणकांच्या चिप्स या कामाला सोयीच्या नव्हत्या. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने पुढच्याच वर्षी त्यांवरही हे साधून दाखविले. २००७ पासून लिनक्समध्ये केव्हीएम नावाची खुली सोय आहे.

'मेघा'विषयी थोडेच. केंद्र शासनाच्या उपक्रमाचे नाव 'मेघराज', सी-डॅकच्या प्रणालीचे 'मेघदूत'. रामटेकच्या शेजारी राहणाऱ्या वैदर्भीयांना हे दुसरे नाव गोड वाटणारच. पण यक्षाने मेघाला वाट तरी तपशीलवार सांगितली होती! आपल्याकडच्या वर्णनांत नेमकी वाटच नसते.

आता तिसरे विधान, 'हवा तिथे हलविता येतो'. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तसे हे यंत्र एका फाइलीत मावते, असे सांगतात. एकाच कंपनीच्या हायपरव्हायजरच्या कुंपणात हे खरे आहे, आणि थक्क करणारेही. चालू यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाते, वापरणाऱ्याला पत्ता लागत नाही. व्हीएमवेअरने ही सोय २००३ मध्ये दिली. कुंपणाबाहेर जायचे म्हटले की गोष्ट बदलते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि डिसेंबरमध्ये कायमचे परवाने विकणे बंद करून केवळ वर्गणीची पद्धत ठेवली. जगभरच्या अनेक संस्थांना बिऱ्हाड हलविण्याचा विचार तेव्हा करावा लागला. लोखंडापासून सुटका देणाऱ्या आज्ञावलीनेच त्यांना स्वतःशी बांधून ठेवले होते.

हायपरव्हायजर बसविणे अर्ध्या तासाचे काम आहे. हलविताना मात्र एकेक गोष्ट पुढे येते. डिस्कच्या फाइलीचा साचा बदलावा लागतो, त्यासाठी मोफत आज्ञावल्या आहेत. जुने 'स्नॅपशॉट' आधी विलीन करावे लागतात. विंडोजचे यंत्र असेल तर नव्या घरच्या डिस्कचा ड्रायव्हर निघण्यापूर्वीच त्यात घालावा लागतो. तो नसला तर यंत्र सुरू होताना त्याला स्वतःचीच डिस्क सापडत नाही आणि निळा पडदा येतो. सर्वांत फसवे प्रकरण पत्त्याचे. नव्या घरी जाळ्याचे कार्ड नवे मिळते. ठरवून दिलेला पत्ता मात्र नाहीशा झालेल्या जुन्या कार्डाला चिकटून राहतो. यंत्र ठणठणीत चालू असते, पण कोणालाही सापडत नाही. आपल्याला दिसते ते 'सर्व्हर डाऊन'.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. जमीन हलली नाही, जंगल हलले नाही, पण कागदोपत्री पत्ता बदलला. त्याहून जुन्या कागदांवर जिल्हा 'चांदा' असतो. यंत्राचे उलट आहे : ते हलते आणि पत्ता तोच राहावा लागतो, कारण इतर शंभर यंत्रांनी तो लिहून ठेवलेला असतो. ती यादी कुठल्याच फाइलीत मावत नाही. याच गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. अशा नोंदी ज्या यंत्रावर ठेवल्या जातील, ते दुसऱ्याच्या कुंपणातून बाहेर कसे काढायचे हे आज्ञावली विकत घेतानाच विचारले पाहिजे, भाडे वाढल्यावर नव्हे.

वर्गासाठी एक गणित. २ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १ गिगाबिट वेगाने पाठविली तर १६,००० सेकंद, म्हणजे सुमारे साडेचार तास लागतात. तालुक्याच्या १० मेगाबिटच्या जोडणीवरून साडेअठरा दिवस! तीच डिस्क पिशवीत घालून गडचिरोलीहून एस.टी.ने चार-पाच तासांत नागपूरला पोचते. मुलांना हे उत्तर आधी सांगू नये.

अकरावी-बारावीच्या मुलांकडून प्रयोगही करून घेता येईल. शाळेच्या संगणकावर मोफत मिळणारे व्हर्च्युअलबॉक्स बसवावे, त्यात छोटे लिनक्स यंत्र तयार करून त्याला ठरावीक पत्ता द्यावा. मग डिस्कची फाइल पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर न्यावी आणि तिथे साचा बदलून केव्हीएमखाली सुरू करावी. काय चालले नाही याची यादी मुलांनी स्वतः करावी. लिनक्स बहुधा सुरू होईल. जाळ्याचे कार्ड मात्र वेगळ्या नावाने येण्याची शक्यता बरीच आहे. मूळ फाइल तोवर पुसू नये.