कुकडीचे पाणी आणि दशांशाची अचूकता

पिकास लागणाऱ्या पाण्याचे गणित आज बहुधा जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ च्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेवरून मांडले जाते. संदर्भ बाष्पोत्सर्जनास पीक गुणांकाने गुणावयाचे, ही तिची रीत. पेनमन यांच्या १९४८ च्या समीकरणापासून चालत आलेल्या विचाराला तिने शिस्त आणली, हे श्रेय निर्विवाद होय. तथापि जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत ही पुस्तिका उघडली असता तिच्या मर्यादाही उघड होतात.

पूर्ण वाढलेल्या उसाचा गुणांक पुस्तिकेत १.२५ दिला आहे. परंतु तो किमान आर्द्रता ४५ टक्के व वाऱ्याचा वेग सेकंदास २ मीटर असे गृहीत धरून. चैत्र-वैशाखात किमान आर्द्रता २० टक्क्यांवर आली, तर तीन मीटर उंचीच्या उसासाठी पुस्तिकेच्याच दुरुस्तीने तो १.३५ होतो. संदर्भ बाष्पोत्सर्जन दिवसास ६ मिलिमीटर मानल्यास गरज ७.५ वरून ८.१ मिलिमीटरवर, म्हणजे हेक्टरी ७५ वरून ८१ घनमीटरांवर जाते. कोष्टकातील आकडा जसाच्या तसा उचलणाऱ्यांच्या हातून एवढे निसटते.

पण खरा आक्षेप निराळाच आहे. शेतास ८१ घनमीटर द्यावयाचे आणि वाटेत निम्मे पाणी मुरते असे मानले, तर कालव्यात १६२ सोडावे लागतात. एका घनमीटर-सेकंद प्रवाहाखाली १,०६७ हेक्टर भिजावयाचे, तेथे ५३३ भिजतात. सहा घनमीटरांसाठी एवढा काथ्याकूट, आणि एक्याऐंशींचा हिशेब मात्र ‘कार्यक्षमता’ या एका गृहीत अंकात! शिवाय मुरलेले सर्वच पाणी वाया जात नाही. त्यातील काही लाभक्षेत्रातील विहिरींत उतरते व पुन्हा पिकासच मिळते. त्याची वजावट सांगणे पुस्तिकेच्या कक्षेत नाही, आणि प्रकल्पाच्या गणितात ती क्वचितच दिसते.

पावसाचीही तीच कथा. माळशेज व नाणेघाटाकडील मुसळधार आणि नारायणगावच्या पूर्वेकडील अवर्षण यांची सरासरी काढून प्रभावी पर्जन्य ठरविणे हा गणिताचा नव्हे, भूगोलाचा प्रमाद आहे.

येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या पाच धरणांचे पाणी पारनेर, श्रीगोंदे, कर्जत व करमाळ्यापर्यंत पोहोचवावयाचे आहे. वरच्या अंगास धरलेली कार्यक्षमता जरा चुकली, तरी शेपटाच्या शेतकऱ्याचे आवर्तन कोरडे जाते. म्हणून प्रबंध लिहू इच्छिणाऱ्याने सहावे समीकरण पारखण्याआधी चारीच्या तोंडाशी व शेताच्या बांधाशी प्रवाह मोजावा.