हृदयस्पंदनावरून स्वायत्त चेतासंस्थेचे तत्क्षण निरीक्षण : एक चिकित्सा

प्रस्तावना

मनगटावरील घड्याळाने ‘ताण’ मोजावा, ही कल्पना आता नवलाईची राहिलेली नाही. बोरिवलीहून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये उभ्या असलेल्या प्रवाशालाही आपल्या ताणाचा आकडा त्याच क्षणी पाहता येतो. महाविद्यालयीन संशोधनात विद्यार्थ्यांच्या ताणाचा पुरावा म्हणून असे आकडे सहज वापरता येण्याजोगे असल्याने त्यामागील पद्धतीची चिकित्सा आवश्यक ठरते.

पद्धतीचे स्वरूप

निरोगी हृदयाचे ठोके तंतोतंत समान अंतराने पडत नाहीत. श्वास घेताना हृद्गती किंचित वाढते, सोडताना मंदावते. स्वायत्त चेतासंस्थेचा अनुकंपी विभाग हृदयाला वेग देतो, तर परानुकंपी विभाग व्हेगस चेतेद्वारे त्याला आवर घालतो. ठोक्यांमधील अंतराच्या चढउतारांचे गणिती पृथक्करण करून या दोन विभागांच्या कार्याचा अंदाज बांधला जातो. युरोप व उत्तर अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या कृतिगटाने १९९६ साली त्यासाठी मानके प्रसिद्ध केली. त्यांत ०.०४ ते ०.१५ हर्ट्झ हा निम्न आणि ०.१५ ते ०.४० हर्ट्झ हा उच्च वारंवारतेचा पट्टा मानला आहे. या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे अनुकंपी-परानुकंपी समतोल, असा अर्थ पुढे रूढ झाला.

‘तत्क्षण’ या शब्दाची मर्यादा

०.०४ हर्ट्झच्या एका आंदोलनास २५ सेकंद लागतात. अशी अनेक आंदोलने नोंदल्याशिवाय त्यांचे मापन विश्वसनीय होत नाही. म्हणूनच उपरोक्त मानकांत अल्पकालीन नोंदीसाठी ५ मिनिटांची शिफारस आहे. पडद्यावर दर सेकंदाला बदलणारा आकडा हा वस्तुतः मागील काही मिनिटांची सरासरी असतो. शिवाय व्हेगसचा परिणाम हृदयावर सेकंदभरात दिसतो, तर अनुकंपी परिणाम प्रकट होण्यास अनेक सेकंद लागतात. सबब, दोन्ही विभागांचे एकाच आकड्यात तत्क्षण दर्शन घडते, हे विधान टिकत नाही.

श्वसनाचा प्रश्न

याहून गंभीर आक्षेप श्वसनासंबंधी आहे. मिनिटाला १५ श्वास घेणाऱ्याचे श्वसन ०.२५ हर्ट्झवर, म्हणजे उच्च पट्ट्यात येते. तीच व्यक्ती मिनिटाला ६ श्वास इतके संथ श्वसन करू लागली, तर ते ०.१ हर्ट्झवर, म्हणजे निम्न पट्ट्यात सरकते. परिणामी गुणोत्तर वाढते आणि स्वस्थ बसलेला प्राणायामाचा साधक आकड्यांत तणावग्रस्त ठरतो! प्रत्यक्षात हे संथ आंदोलन मुख्यतः व्हेगसद्वारेच घडत असते. जॉर्ज बिलमन यांनी २०१३ साली या गुणोत्तराच्या रूढ अर्थावर सविस्तर आक्षेप घेतले आहेत.

हा प्रश्न येथील परंपरेला परका नाही. योगेंद्र यांनी १९१८ साली अंधेरीनजीकच्या वर्सोवा येथे योग संस्था सुरू केली. ती पुढे सांताक्रूझ येथे स्थिरावली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून यौगिक क्रियांची उपकरणांद्वारे तपासणी आरंभली. ज्या प्रदेशात संथ श्वसन हा अनेकांचा नित्यक्रम आहे, तेथे श्वसनाची नोंद न घेता काढलेले निष्कर्ष विशेष भ्रामक ठरतात.

मनगट आणि हृदय

हृदय थांबविण्याचा दावा करणाऱ्या योग्यांवर वेंगर, बागची व आनंद यांनी भारतात केलेले प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाले. श्वास रोखून छाती व पोटाचे स्नायू आवळले असता मनगटावरील नाडी क्षीण होई, क्वचित लोपही पावे, ई.सी.जी.वर मात्र हृदयाचे आकुंचन चालूच असे. नाडी म्हणजे हृदय नव्हे, हा त्याचा धडा. आजची घड्याळे बहुधा प्रकाशाच्या साहाय्याने मनगटातील रक्तप्रवाहच टिपतात. हात हलला, पट्टा सैल झाला, की ठोक्यांतील अंतराची नोंद बिघडते. काही मोजक्या चुकीच्या नोंदीही सारे गणित बदलू शकतात. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात नाडीच्या परिवर्तनशीलतेवर काम झाले आहे. परंतु स्थिर बसलेल्या व्यक्तीची नियंत्रित नोंद आणि धावत्या लोकलमधील नोंद यांस एकाच मापाने तोलता येत नाही.

निष्कर्ष

या विवेचनावरून पद्धत त्याज्य ठरत नाही. तिच्या अर्थनिर्णयाला मर्यादा आहेत, एवढेच सिद्ध होते. एकाच व्यक्तीच्या, समान स्थितीतील, अनेक दिवसांच्या नोंदींची तुलना उपयुक्त ठरू शकते. मात्र संशोधन-निबंधात श्वसनाचा वेग, शरीराची स्थिती, नोंदीचा कालावधी आणि ई.सी.जी. की नाडी, या चार बाबींचा उल्लेख अनिवार्य मानला पाहिजे. त्यांच्या अभावी विद्यार्थ्याला ‘तणावग्रस्त’ ठरविणारा आकडा हे निदान नसून केवळ एक शिक्का ठरेल.