पुलथ्रूची दोरी

बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कारखान्यात १९१५ साली घडलेली शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड रायफल वाचायची, तर सुरुवात मागून करावी. निकामी केलेल्या लष्करी बंदुका जमवणारे बहुतेक जण ती हातात येताच बोल्ट मागे ओढून बघतात. त्यांना बघू द्यावं. आपण दस्त्याच्या तळाशी जावं. तिथे पितळी तळपट्टी असते, तिच्यात एक छोटी झडप, आणि झडपेला नख अडकेल एवढीच जागा. झडप उघडली की लाकडात कोरलेलं भोक दिसतं आणि शंभर वर्षांपूर्वीच्या तेलाचा करपट वास येतो. या भोकात दोन वस्तू राहतात. एक तेलाची पितळी बाटली, दुसरी पुलथ्रू.

बाटली बोटाएवढी जाड. बूच आट्यांचं, त्याच्या आतून एक बारीक चमचा निघालेला, खाली कातडी वॉशर. चमचा अशासाठी की अंधारात, थंडीने बधिर झालेल्या हातानेसुद्धा तेल थेंबाने घेता यावं, सांडू नये. ज्याने हे आखलं त्याने शिपायाचा हात पाहिला होता एवढं नक्की. पुलथ्रू म्हणजे एक दोरी. एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाकडे फासे. फाशात चार बाय दोन इंचांची चिंधी अडकवायची, बोल्ट काढून वजन मागच्या बाजूने नळीत सोडायचं आणि तोंडातून बाहेर आलं की दोरी एका दमात ओढायची. आपल्याकडच्या एन.सी.सी.तल्या कित्येकांनी थ्री-नॉट-थ्रीच्या नळीतून अशी चिंधी ओढलेली आहे. चिंधी जाड झाली की ती मध्येच अडकते आणि मग उस्तादाचं तोंड सुटतं, हेही त्यांना ठाऊक असेल.

त्या काळच्या काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर नळीत जो क्षार उरायचा तो मिठासारखाच हवेतलं पाणी ओढून घ्यायचा, आणि पोलादाला गंज धरायचा. तेलाने तो जात नाही, त्याला पाणीच लागतं. म्हणून आधी नरसाळ्याने उकळतं पाणी, मग कोरडी चिंधी, मग तेलाची. खंदकात उकळतं पाणी रोज मिळणार कुठून? मग चिंधीवरच भागवायचं.

आता नळीच्या तोंडाशी या. भिंग असेल तर उत्तम. तोंडाची कड काटेकोर गोल हवी, पण या रायफलीची एका अंगाला किंचित खाल्लेली आहे. गोळीने अशी झीज होत नाही. दोरी सरळ न ओढता तिरकी ओढली, की मळ आणि वाळू लागलेलं ते सूत पोलादाला कानशीसारखं घासतं. म्हणजे कुणीतरी, बहुधा अनेकांनी, वर्षानुवर्षं ही दोरी कंटाळून, घाईत, बसल्या बसल्या एका बाजूला ओढली. लढाईचा एकही ओरखडा या बंदुकीवर मला खात्रीने दाखवता येणार नाही. कंटाळ्याचा मात्र येतो. संग्राहक या झिजेला दोष म्हणतात आणि किंमत पाडतात. मला तोच या नगाचा सर्वांत खरा मजकूर वाटतो.

बाकीचा मजकूर ठोकलेला आहे. दस्त्याच्या मानेवरच्या पट्टीवर मुकुट, राजाची अक्षरं, कारखान्याचं नाव, साल. नळी, बोल्ट, नाकाडाची टोपी यांवर एकच क्रमांक असला, की विक्रेत्याचा आवाज चढतो. मला जास्त बोलतात त्या रिकाम्या जागा. मॅगझिनच्या वर एक खाच आहे, तिच्यात बसणारी कट-ऑफची पट्टी नाही. ती आत ढकलली की मॅगझिनमधल्या दहा गोळ्या राखीव राहत आणि शिपाई एकेक काडतूस हाताने भरी. डाव्या बाजूला एक तबकडी आहे, तिचा काटा कापलेला. २,००० यार्डांच्याही पलीकडच्या जमावावर साऱ्या तुकडीने मिळून बार टाकायचे, त्यासाठीची ती नेमसाधनं. समोरचा खंदक हाकेच्या अंतरावर असताना तबकडीचं करायचं काय? १९१६ मध्ये दोन्ही गोष्टी रद्द झाल्या आणि रायफलीच्या ‘मार्क तीन’ या नावापुढे एक चांदणी लागली. ही रायफल त्याआधीची. तिच्यावरची खाडाखोड नंतरची.

टोकाला टोक भिडवलेले दोन बाण म्हणजे सरकारने विकून टाकल्याची खूण. त्याशेजारी सगळ्यांत नवा शिक्का आहे, बर्मिंगहॅमच्याच प्रूफ हाउसचा. हे घर १८१३ पासून नळ्या फुटत नाहीत ना ते तपासतं. १९८८ च्या ब्रिटिश शस्त्रकायद्यानंतर नळी पुन्हा कधीच चालणार नाही याची ग्वाही देण्याचं कामही त्याच्याकडे आलं. या नगाची नळी खालून, लाकडाआड, चिरलेली आहे, आत पोलादी कांडी वेल्ड केली आहे, बोल्टचं तोंड तिरकं छाटलं आहे. तरी बोल्ट मागेपुढे होतो आणि चाप खटकन वाजतो, कारण काम जुन्या पद्धतीचं. २०१६ च्या युरोपीय नियमांनी हेही संपवलं. नव्या नगात सगळं जागच्या जागी वेल्ड. जुना नग घरात ठेवता येतो, विकायचा तर आधी नव्या नियमांत बसवावा लागतो. मंडळी यावर करवादतात. सरकारचं मी समजू शकतो, पण बंद पेटीसारखी बंदूक विकत घ्यायला माझा हात धजणार नाही.

दोरीला मात्र कुठलाच नियम लागू नाही. ती आजही तेव्हासारखीच ओढता येते, फक्त या नळीतून जाऊ शकत नाही. हेच काडतुसांच्या सुती पट्ट्याचं. पाच खिसे, प्रत्येकात दोन क्लिपा, क्लिपेत पाच गोळ्या, एकूण पन्नास. क्लिपेतल्या गोळ्यांच्या कडा एक खाली एक वर अशा लावतात, म्हणजे ती कुठल्याही अंगाने धरली तरी मॅगझिनमध्ये बिनचूक उतरते. चिखलापासून वाचवायला बोल्टवर गुंडाळायचं कॅनव्हासचं झाकण तर आता फार महाग, कारण कापड कुजून गेलं. महाग झालं की नकलाही आल्याच. दस्त्यावरच्या कोऱ्या पितळी चकतीवर नामांकित पलटणीची अक्षरं ठोकणारे महाभाग आहेत. ठोकलेल्या अक्षराची कड ताजी, आणि भोवतालचं पितळ काळवंडलेलं. एवढं पाहिलं तरी पुरतं.

१९१४ मध्ये हिंदी पलटणी मार्सेला उतरल्या, तेव्हा त्यांच्या जुन्या रायफली काढून घेऊन नव्या दारूगोळ्याला चालणाऱ्या याच जातीच्या रायफली हाती दिल्या गेल्या. अनोळखी हत्यार घेऊन ती माणसं थेट फ्लँडर्सच्या चिखलात गेली. हीच रायफल आपल्याकडे ईशापूरलाही बनत असे. तिथल्या काही नगांच्या पुढच्या लाकडावर तांब्याची तार आवळलेली सापडते. नळीवरून ग्रेनेड उडवताना लाकूड फाटू नये म्हणून. जुन्या काडतुसांच्या बुडावर के आणि एफ दिसले, तर ते आपल्या खडकीचं. ब्रिटनमधल्या जुन्या लष्करी वस्तूंच्या बाजारात तसं रिकामं काडतूस मूठभर चिल्लरीत मिळतं, आणि पुणेकर गिऱ्हाईक असेल तर थोडं जास्त देऊन जातं.

विकत घेणाऱ्याने एकच पाळावं. लाकूड कितीही काळं पडलेलं असो, त्याला सँडपेपर लावू नये. जवसाचं तेल हाताने चोळावं, फौजेतही तेच चोळत. घासून चकचकीत केलेल्या दस्त्याला गिऱ्हाईक लवकर मिळतं, पण शिक्क्यांच्या कडा बोथट होतात, आणि मग क्रमांक जुळतात की नाही यावर भांडण्यापलीकडे त्यात वाचण्यासारखं काही शिल्लक राहत नाही.