वस्तुसंग्रहालयातील पगडी आणि शहराच्या तोंडची पगडी

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या प्रेक्षकाची दृष्टी वस्तूंआधी वास्तूकडेच वळते. बिडाचे उंच खांब, रंगीत फरशी, सोनेरी नक्षीचे छत हे सारे २००८ साली पूर्ण झालेल्या जीर्णोद्धाराने पुन्हा उजळले आहे व त्या कार्याचा युनेस्कोने २००५ सालीच गौरव केला होता. तो गौरव यथार्थ होय. मात्र या शोभेने प्रेक्षक इतका भारावतो, की कपाटांपाशी पोहोचेपर्यंत त्याची चिकित्सक बुद्धी थोडी निजलेली असते. हे संग्रहालय मुंबईचा इतिहास सांगते असे मानले जाते. तो कोणत्या भाषेत सांगितला जातो, हे म्हणूनच पाहिले पाहिजे. येथे भाषा म्हणजे पाट्यांवरील लिपी नव्हे, तर वस्तूला आणि माणसाला नाव देण्याची रीत.

या रीतीचे मूळ संग्रहाच्या जन्मातच आहे. १८५५ च्या पॅरिस येथील प्रदर्शनासाठी या इलाख्यातील कच्चा माल व कारागिरी यांचे नमुने गोळा करण्यात आले आणि त्यांतूनच पुढे हा संग्रह उभा राहिला. १८५७ च्या धामधुमीत कोटातील बराकी सैन्यासाठी रिकाम्या करताना त्याची हेळसांड झाली. १८६२ मध्ये नव्या इमारतीचा पाया घालण्यात आला व २ मे १८७२ रोजी ती लोकांसाठी खुली झाली. 'नमुना' हा या साऱ्या खटाटोपाचा बीजशब्द होय. कापूस, लाकूड, धातूकाम यांना तो शोभतो. विसाव्या शतकाच्या आरंभी मातीच्या लहान पुतळ्यांतून मुंबईचे लोक घडवले गेले तेव्हा तोच शब्द, न उच्चारता, माणसांना लावला गेला. या पुतळ्यांना जात आहे, धंदा आहे, पोशाख आहे. व्यक्तिनाम मात्र नाही. परकीय दृष्टीवर याचा सारा भार टाकणे अन्यायाचे होईल. पायाभरणीनंतर वर्षभरातच, १८६३ साली, प्रसिद्ध झालेल्या गोविंद नारायण माडगांवकरांच्या 'मुंबईचे वर्णन' या ग्रंथातही जाती व व्यवसाय यांची वर्णने आहेत. भेद एवढाच, की माडगांवकर त्या गर्दीतून चालणारे होते.

शिरोभूषणांची मांडणी या दृष्टीने सर्वाधिक बोलकी आहे. निरनिराळ्या समाजांच्या पगड्या व पागोटी येथे मस्तकांच्या नमुन्यांवर चढवलेली दिसतात. कारागिरी बारकाईची आहे, पाहणारा रेंगाळतो. परंतु पगडी म्हणजे समाजाची खूण, एवढ्यावरच हे कपाट थांबते. ती बांधून देणारा पगडबंद येथे नाही. पगडी, पागोटे, मंदिल, रुमाल, फेटा या शब्दांतील सूक्ष्म अर्थभेद नाहीत. आणि ज्या अर्थाने हा शब्द मुंबईत आजही जिवंत आहे, त्याचा तर मागमूसही या मस्तकांवरून लागत नाही. चाळीतील खोली भाड्याने मिळवताना द्यावयाची ठोक रक्कम म्हणजे पगडी. मानाच्या देवघेवीतून हा अर्थ आला असावा, असा तर्क करता येतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने अशी रक्कम घेणे निषिद्ध ठरवले. शब्द तरीही टिकला, किंबहुना अधिकच रुजला आणि १९९९ च्या कायद्याने तिला मान्यता दिली. डोक्यावरची पगडी गेली, छपरासाठी मोजावयाची पगडी राहिली. विसाव्या शतकातील मुंबईचा केवढा इतिहास या एका अर्थांतरात साठला आहे!

जुनी मांडणी जशीच्या तशी राखणे हाच प्रामाणिकपणा, असा आक्षेप यावर संभवतो. तो अंशतः मान्य करावा लागेल. मस्तके हलवू नयेत. त्यांच्या शेजारी शब्दांचा इतिहास मांडण्यास मात्र कोणतीच आडकाठी नाही. एखादी जुनी भाडेपावतीही पुरेशी होईल.

बाहेर पडताच दगडी हत्ती दिसतो. पोर्तुगीजांनी घारापुरीला 'एलेफंटा' हे नाव दिले ते याच्यामुळे. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत यारीचा दांडा मोडला, हत्ती कोसळून त्याचे तुकडे झाले व ते या बागेत आले. १९१४ मध्ये ते पुन्हा जुळवण्यात आले. बेट आजही परक्या भाषेत हत्तीच्या नावाने ओळखले जाते आणि हत्ती मात्र भायखळ्यात आहे. मराठी बोलणाऱ्याला ही विसंगती जाणवतही नाही, कारण त्याच्या तोंडी घारापुरी कधी बदललीच नव्हती. बागेच्या बाबतीत मात्र त्याने उलटाच हट्ट धरला आहे. फलकावर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असले, तरी भायखळ्याचा रस्ता विचारणारा आजही 'राणीचा बाग' असेच म्हणतो. आणि 'बाग' स्त्रीलिंगी मानणारा वैयाकरण त्याला थांबवून 'राणीची' म्हणावयास लावील, हे संभवत नाही.