कात्री चालवली ती समुद्रातच

अमेरिकी वास्तुकार बकमिन्स्टर फुलर म्हटलं की बहुतेकांना त्याचा घुमट आठवतो. 1967 च्या माँट्रियल प्रदर्शनातला अमेरिकी दालनाचा तो अवाढव्य जाळीदार गोल आजही उभा आहे. पण या माणसाची दृष्टी समजून घ्यायची, तर मी त्याचा नकाशा समोर ठेवीन. 'डायमॅक्सिअन' नावाचा हा जगाचा नकाशा 1943 साली 'लाइफ' मासिकात आला. वाचकांनी तो कापून, चिकटवून त्याचा गोलासारखा घनाकार करायचा होता. शोजी सादाओ या वास्तुकाराच्या साथीने फुलरने तो पुन्हा रचला आणि 1954 मध्ये त्याला आजचं, 20 समभुज त्रिकोणांचं रूप मिळालं.

गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची, तर कुठेतरी किंमत मोजावीच लागते. 1569 मध्ये नकाशाकार मर्केटरने ती ध्रुवांकडच्या प्रदेशांवर लादली. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजाचा मार्ग त्याच्या नकाशात सरळ रेषेत येतो, दर्यावर्दींना हवं होतं तेवढंच. पण त्यापायी ग्रीनलंड फुगून आफ्रिकेएवढं दिसू लागलं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे 14 पट आहे. फुलरने हा भार सगळ्या त्रिकोणांवर सारखा वाटला. प्रत्येक त्रिकोणाच्या कडेवर अंतराचं प्रमाण अचूक राहतं, आणि जी थोडी ओढाताण होते ती आत जिरते.

आता हा घन उलगडताना कापायचा कुठे? फुलरची खरी प्रतिभा मला इथे दिसते. जाणत्या शिंप्याने महागडं कापड बेतावं तशी त्याने कात्री चालवली: कापायचं ते समुद्रात, जमिनीला धक्का लागू द्यायचा नाही. 20 पैकी दोन त्रिकोण अखंड ठेवले असते तर जमीन चिरली गेली असती, म्हणून ते दोन्ही त्याने फोडले. भूमितीची शिस्त त्याला जिवापाड प्रिय होती, तरीही फोडले. मग सगळे खंड उत्तर ध्रुवाभोवती हात धरून उभे राहिल्यासारखे एका सलग बेटात येतात. शीतयुद्धाच्या ऐन भरात, शाळेतल्या नकाशात दोन टोकांना बसवलेले अमेरिका आणि रशिया इथे बेरिंगच्या सामुद्रधुनीपाशी एकमेकांना खेटून आहेत. मध्ये पाणी आहे ते जेमतेम 85 किलोमीटर. नकाशाचे रंगही देशांचे नाहीत, ते सरासरी किमान तापमानाचे आहेत. वर उत्तर, खाली दक्षिण हा मानही कोणाला दिलेला नाही.

याच नकाशावर त्याने पुढे 'वर्ल्ड गेम' मांडला. जगातलं धान्य, खनिजं, ऊर्जा, लोकसंख्या यांची नोंद नकाशावर करायची आणि कोणावरही अन्याय न करता, निसर्गाचं नुकसान न करता सगळ्यांचं भागेल अशी वाट शोधायची. युद्ध हा डाव त्यात नव्हताच. बेरिंगवरून वीजवाहिनी टाकावी, म्हणजे रात्री पडून राहणारी एका गोलार्धाची वीज दुसऱ्या गोलार्धाच्या दिवसाला पुरवता येईल, ही त्याची आवडती सूचना नकाशा पाहताच पटते. 1969 मध्ये दिल्लीच्या नेहरू स्मृती व्याख्यानातही तो साऱ्या पृथ्वीच्या नियोजनाबद्दलच बोलला. देशोदेशींच्या पंचवार्षिक योजनांच्या त्या काळात हे बोलायला धाडस हवं होतं.

या रचनेत एक उणीव मात्र मला जाणवते. सीमारेषांना महत्त्व नाही म्हटल्यावर त्या रेषा राखणारेही दृष्टीआड होतात. धान्य कुठे आहे हे नकाशा दाखवील, पण ते कोणाच्या कुलपात आहे हे दाखवणार नाही. रचना नीट बसली की राजकारण आपोआप मागे पडेल, हा फुलरचा विश्वास मला भाबडा वाटतो. बेरिंगवरची वाहिनी आजही टाकली गेलेली नाही.

तरीही जगाचा प्रश्न तुकड्यांत पाहू नका हे सांगायला त्याने कागद आणि कात्री वापरली, आणि ते इतकं स्वच्छ सांगितलं की दहा वर्षांच्या मुलालाही कळावं. आपल्या शाळांनी भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशाशेजारी हाही लावावा, आणि भारत कुठे आहे ते मुलांना आधी स्वतः शोधू द्यावं.