दोन विजय, आठ पराभव आणि लवकर संपलेला एक चित्रपट

दहा सामने. दोन जिंकले, आठ हरले. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा असा सीझन बघून कोणी चित्रपट काढेल असं वाटत नाही. तरी २००६ साली हॉलिवूडनं काढला. नाव 'वी आर मार्शल', दिग्दर्शक मॅकजी. मला हा चित्रपट आवडतो आणि त्याचा रागही येतो. दोन्हीचं कारण एकच आहे: या चित्रपटाला आपली गोष्ट नीट कळलेली आहे, आणि शेवटी तो स्वतःच ती विसरतो.

आधी गोष्ट काय ते सांगतो. १४ नोव्हेंबर १९७०. वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टन गावच्या मार्शल विद्यापीठाची टीम ईस्ट कॅरोलायनाकडून १७-१४ असा सामना हरून विमानानं परत येत होती. विमानतळ अगदी जवळ आलेला असताना विमान टेकडीवर कोसळलं. आतले सगळे ७५ जण गेले. त्यात ३७ खेळाडू होते, प्रशिक्षक होते, आणि टीमवर जीव टाकणारी गावातली डॉक्टर-व्यापारी मंडळीही होती. काही घरांत तर मुलांचे आई-वडील दोघंही एकाच रात्री गेले.

मग प्रश्न आला: पुढच्या वर्षी खेळायचं की फुटबॉल बंदच करायचा?

चित्रपटाचा पहिला अर्धा भाग या प्रश्नात घुटमळतो आणि तिथे तो उत्तम आहे. विमान कोसळताना दाखवायचा मोह त्यानं टाळलाय. मॅथ्यू फॉक्सनं केलेला रेड डॉसन हा सहायक प्रशिक्षक तर विसरता येत नाही. नवे खेळाडू शोधायच्या कामासाठी तो त्या दिवशी गाडीनं परतत होता, म्हणून वाचला. वाचल्याचं ओझं कसं असतं ते फॉक्स फार न बोलता दाखवतो. मॅथ्यू मॅकॉनहीचा जॅक लेंगयेल हा नवा प्रशिक्षक बाहेरगावचा. त्याची बडबड, वाकडं तोंड करून बोलणं सुरुवातीला खटकतं. पण सुतक असलेल्या घरात आलेला पाहुणा असाच काहीबाही बोलत राहतो ना?

टीम उभी करायची तर मुलं हवीत. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य टीममधून खेळता येत नसे. मार्शलला खास सवलत मिळाली आणि अठरा-एकोणीस वर्षांची पोरं थेट मैदानात उतरली.

आता माझी तक्रार. चित्रपटात चर्चमधला एक प्रसंग आहे. लेंगयेल डॉसनला सांगतो, की जिंकणं हेच सर्वस्व असं मीही आजवर मानत आलो, पण इथे आल्यावर ते खरं वाटेनासं झालं. आपण खेळतोय, एवढंच आत्ता महत्त्वाचं. सबंध चित्रपटाचा जीव या संवादात आहे.

आणि त्यानंतर चित्रपट काय करतो? सामना जिंकून दाखवतो. सीझनचा दुसरा सामना, झेवियरविरुद्ध, २५ सप्टेंबर १९७१. शेवटच्या क्षणी रेजी ऑलिव्हरचा पास टेरी गार्डनरच्या हातात, टचडाउन, १५-१३. हे सगळं खरंच घडलंय, पटकथाकाराच्या कल्पनेतलं नाही. त्यामुळे तो विजय दाखवू नका असं मी म्हणत नाही. पण पडद्यावर तो येतो स्लो मोशनमध्ये, चढत्या संगीतात, अश्रूंसकट. पुढचं सगळं शेवटच्या काही मिनिटांत उरकलं जातं. म्हणजे तोंडानं 'जिंकणं महत्त्वाचं नाही' आणि कॅमेऱ्यानं 'जिंकलो की सगळं भरून निघतं'.

तसं भरून निघालं नव्हतं. झेवियरनंतर आठ सामने बाकी होते. लगेच पुढच्या सामन्यात मायामीनं (ओहायोतलं विद्यापीठ, फ्लोरिडातलं नव्हे) मार्शलला ६६-६ असं धुतलं. उरलेल्या आठांपैकी एकच सामना जिंकला, बोलिंग ग्रीनविरुद्धचा. डॉसननं त्या सीझननंतर प्रशिक्षकपद कायमचं सोडलं. लेंगयेल चार वर्षं राहिला आणि त्याच्या नावावर नऊ विजय, तेहतीस पराभव लागले. मार्शलला जिंकलेल्या सामन्यांची संख्या हरलेल्यांपेक्षा जास्त असलेला सीझन बघायला १९८४ उजाडावं लागलं.

मला वाटतं, खरा चित्रपट त्या ६६-६ मध्ये होता. विजयानंतरच्या सोमवारी सरावाला येणं सोपं असतं. साठ गुणांनी हरल्यावर, स्टेडियममधला उत्साह ओसरल्यावर, त्याच पोरांनी पुन्हा हेल्मेट चढवणं म्हणजे 'आपण खेळतोय, एवढंच महत्त्वाचं'. लेंगयेलच्या वाक्याची परीक्षा तिथे होती. चित्रपट परीक्षेच्या आधीच निकाल लावून मोकळा होतो.

आपल्यालाही ही सवय आहेच. 'लगान' असो की 'चक दे इंडिया', शेवटचा चेंडू, शेवटची पेनल्टी, विजय, डोळ्यांत पाणी. मीही रडतो. पण त्या चित्रपटांत हरल्या-जिंकल्यानं काहीतरी बदलणार असतं: लगान माफ होणार असतो, कलंक पुसला जाणार असतो. इथे काय बदलणार होतं? ७५ माणसं कुठल्याही स्कोअरनं परत येणार नव्हती. म्हणून या गोष्टीला तो साचा बसत नाही.

बघायचा असेल तर 'वी आर मार्शल' जरूर बघा. पण सोबत २००० सालचा 'ॲशेस टू ग्लोरी' हा माहितीपटही मिळवून बघा. त्यात मागे राहिलेली माणसं स्वतः बोलतात.

मार्शलच्या आवारात त्या ७५ जणांच्या स्मरणार्थ कारंजं आहे. दर वर्षी १४ नोव्हेंबरला सगळे जमतात आणि त्याचं पाणी बंद करतात. ते थेट वसंतात पुन्हा सुरू होतं. टीमनं नंतर राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, तरी पाणी बंद करायचं थांबलेलं नाही. जिंकणं आणि दुःख यांचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत ठेवायचा असतो, हे त्या गावाला कळलंय.