उसन्या वेळेचा हिशेब : फीबी स्नेट्सिंगर यांच्या आत्मकथनाचे एक वाचन

प्रस्तावना

पक्षी पाहण्यासाठी परदेशी जाणे आणि जाणकार मार्गदर्शकाच्या सोबतीने मोजक्या दिवसांत अधिकाधिक जाती पाहणे, हा पर्यटनाचा प्रकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. अशा सहलींतून प्रवासवर्णने निर्माण होतात, तशाच पाहिलेल्या पक्ष्यांच्या याद्याही. अमेरिकन पक्षिनिरीक्षक फीबी स्नेट्सिंगर (१९३१–१९९९) यांचे ‘बर्डिंग ऑन बॉरोड टाइम’ हे आत्मकथन मरणोत्तर, २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्याची कथा जेव्हा यादीच्या आधाराने सांगितली जाते, तेव्हा त्या कथेत काय येते आणि काय निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

यादीचे सामर्थ्य

१९६५ मध्ये ब्लॅकबर्नियन वॉर्बलर हा नारिंगी गळ्याचा चिमुकला पक्षी दुर्बिणीतून पाहिल्यावर चार मुलांच्या या मातेला पक्षिनिरीक्षणाचा छंद जडला. १९८१ मध्ये त्यांना मेलानोमा हा कर्करोग बळावल्याचे सांगण्यात आले. आयुष्य फार तर वर्षभराचे उरले आहे, असे निदान होते. उपचारांऐवजी त्यांनी अलास्काची पक्षिसहल निवडली. पुढे १८ वर्षे त्या जगल्या. १९९५ मध्ये त्यांच्या यादीने ८,००० जातींचा टप्पा ओलांडला. मृत्युसमयी ती सुमारे ८,४०० जातींपर्यंत पोहोचली होती.

या यादीकडे केवळ संग्रहाची हाव म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. प्रवासापूर्वी त्या त्या प्रदेशातील जाती व उपजातींचा त्या कसून अभ्यास करीत आणि निरीक्षणांच्या तपशीलवार नोंदी ठेवीत. त्यामुळे शास्त्रज्ञांनी एका जातीच्या दोन जाती मानल्या, तर कोठे कोणता पक्षी पाहिला होता, हे त्यांना सांगता येई. यादी ही त्यांच्यासाठी ज्ञानाची शिस्त होती; मृत्यूच्या छायेत पुढचा दिवस आखण्याचे ते साधनही होते.

यादीची मर्यादा

तथापि यादी या रूपबंधाची एक अंगभूत मर्यादा आहे. तीत प्रत्येक नोंद समान मोलाची असते आणि जे नोंदीत बसत नाही, ते कडेला पडते. सहलींच्या निमित्ताने स्नेट्सिंगर आईच्या अंत्यविधीला आणि एका मुलीच्या विवाहाला अनुपस्थित राहिल्या. १९८६ मध्ये पापुआ न्यू गिनीत त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतरही त्यांनी प्रवास थांबविला नाही. या निर्धाराविषयी आदर वाटतोच. परंतु जखम आणि पुढील प्रवास यांच्यामधील काळाला यादीत स्तंभ नसतो, हेही जाणवते.

दुसरी मर्यादा मार्गदर्शकाच्या संदर्भात दिसते. आवाज ओळखणे, अधिवासाची नेमकी जागा जाणणे, ध्वनिमुद्रित साद ऐकवून पक्ष्याला झुडपाबाहेर आणणे आणि क्षणार्धात तो पाहुण्याला दाखविणे, हे श्रम मार्गदर्शकाचे असतात. पक्षी दोघे पाहतात. यादी मात्र एकाच्या नावे वाढते. शिवाय यादी जितकी मोठी, तितके नवे पक्षी कमी. म्हणून उत्तरोत्तर सामूहिक सहल अपुरी पडते आणि खासगी मार्गदर्शकावरील अवलंबन वाढते. अंकांत स्वावलंबी भासणारा हा पराक्रम प्रत्यक्षात अनेकांच्या सोबतीने घडलेला असतो.

समारोप

ग्रंथाच्या शीर्षकातील ‘बॉरोड टाइम’चे मराठी रूप ‘उसना वेळ’ असे होते. उसने हे परत करावयाचे असते, हा संकेत आपल्या भाषेत पक्का आहे. स्नेट्सिंगर यांच्या शीर्षकात सावकार एकच, तो म्हणजे आजार. घरच्यांनी दिलेला वेळ आणि मार्गदर्शकांचे श्रम यांचेही उसने त्यात आहे. त्याचा हिशेब मात्र यादीत मांडता येत नाही. ऑलिव्हिया जेन्टाइल यांचे ‘लाइफ लिस्ट’ (२००९) हे चरित्र कुटुंबाची बाजू पुढे आणते. म्हणून दोन्ही ग्रंथ एकत्र वाचावेत.

नोव्हेंबर १९९९ मध्ये मादागास्करमधील सहलीत वाहन उलटून स्नेट्सिंगर यांचा मृत्यू झाला. अखेरच्या नव्या पक्ष्यांपैकी रेड-शोल्डर्ड वांगा या जातीचे शास्त्रीय वर्णन जेमतेम दोन वर्षांपूर्वी, १९९७ मध्ये झाले होते. यादीला स्वतःचा शेवट नसतो. तो बाहेरूनच यावा लागतो. या आत्मकथनाचे वाङ्मयीन मोल यादीच्या आकड्यांत नाही. त्या आकड्यांआड एका स्त्रीने मृत्यूशी केलेल्या दीर्घ वाटाघाटीत ते आहे, असे म्हणता येईल.